न कापलेली ओवळ

भात पिवळं पडू लागलं की आमच्या कुंभारवाड्याच्या रानात दोन गोष्टी बरोबरच येतात. एक कापणी आणि दुसरं हिव. सकाळी काळी नदीच्या अंगानं धुकं चढतं, उन्हं वर आली की ओल्या पेंढ्याचा वास सुटतो, आणि त्याच वासात कुठल्या तरी घरातून दात वाजल्याचा आवाज येतो. अंगावर तीन-तीन कांबळी टाकली तरी हुडहुडी थांबत नाही. मग ताप चढतो, मग घाम सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस कोयता घेऊन शेतात उभा दिसतो. तिसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, पुन्हा हिव. ह्या दिवसांत आमच्याकडं कुणी कुणाला खुशाली विचारत नाही. "आज ताप यायचा दिवस हाय का?" एवढंच विचारतात.

मी आता शाळामास्तर आहे. सरकारातून हिवावरच्या औषधाच्या, कोयनेलच्या पुड्या येतात, त्या मी वाटतो. हिव डासांमुळं येतं असं सांगणारं पत्रक मुलांना वाचून दाखवतो आणि शाळेमागचं डबकं बुजवून घेतो. इतकं सगळं करूनही खरं सांगायचं तर ह्या दिवसांत मी भ्यालेलाच असतो. ती भीती डासांची नसते. ती बेळगावातल्या एका बागेची असते.

बागेला भिणारा मास्तर म्हणून कुणी हसेल. खुशाल हसावं. मी मूळचाच भित्रा. लहानपणी गव्याला भीत असे, अस्वलाला भीत असे, आमच्या मारक्या म्हशीलाही भीत असे. पण त्या भीतींना निदान तोंड होतं, शिंगं होती. बागेच्या भीतीला काहीच नव्हतं. ती नुसती सुंदर होती.

आधी आमच्या राईबद्दल सांगायला हवं. गावाच्या वरच्या अंगाला देवाची राई आहे. कधीपासूनची ते कुणाला ठाऊक नाही. वहाणा बाहेर काढून आत जायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, पान तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. इतकं सांभाळूनही कधी हातून चूक होते. झाली तर ती लपवायची नाही. मोडलेली फांदी घेऊन मिराश्याकडं जायचं. मिराशी म्हणजे राईचा मानकरी. फांदी त्याच्या पायाशी ठेवायची आणि काय केलं ते मोठ्यानं सांगायचं. मग तो देवापुढं गाऱ्हाणं घालतो, देवाची समजूत काढतो, आणि माणूस सुटतो. लपवलं तर मात्र देव मोडणाऱ्याला हात लावत नाही. त्याच्या घरात जे सगळ्यांत अशक्त असेल त्याला धरतो.

ती बाग मी पाहिली त्या वर्षी आमच्या घरातलं सगळ्यांत अशक्त माणूस म्हणजे माझी बहीण शेवंती.

ती बारा वर्षांची होती, मी एकोणीस-वीसचा. दसऱ्याला तिला हिव भरलं आणि दिवाळी गेली तरी हटलं नाही. पानथरी वाढून पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, हात काडीसारखे झाले. गावठी काढे झाले, अंगारे झाले. शेवटी सुप्याहून आलेल्या एका कारकुनानं बाबांना सांगितलं, पोरीला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर हातची जाईल. बाबांना शेत सोडता येईना. भात उभं होतं आणि रानडुकरं रोज उतरत होती. तेव्हा आई आणि मी निघालो. बैलगाडीत पेंढा पसरून त्यावर शेवंतीला निजवलं आणि तिनईघाटच्या स्टेशनापर्यंत गेलो. वाटेत प्रत्येक ओढ्यापाशी आई गाडी थांबवून तिच्या तोंडात पाणी घाली. मी पुढं बसून बैल हाकत होतो आणि मागं वळून बघायला भीत होतो. गाडीच्या आवाजात तिचा श्वास ऐकू येत नव्हता.

दवाखान्यात बायकांच्या खोलीत सकाळी फक्त आईला सोडलं. मला दुपारी यायला सांगितलं. पहिल्याच सकाळी असा मी एकटा बाहेर पडलो. अंगावर कांबळं, कमरेमागं लाकडी आकडीत अडकवलेला कोयता. कोयता नसला की आमच्याकडच्या माणसाला अंगावर कपडा नसल्यासारखं वाटतं. दवाखान्यामागच्या रस्त्यापलीकडं एक लोखंडी फाटक अर्धं उघडं होतं आणि आत झाडं दिसत होती. झाडं दिसल्यावर मी दुसरीकडं कुठं जाणार होतो?

आत शिरलो आणि दहा पावलांत थांबलो. काहीतरी चुकत होतं. काय ते लवकर कळेना. मग लक्षात आलं, खाली पाचोळा नव्हता. एक पान पडलेलं नव्हतं. रानात पाचोळाच सांगतो, कोण येतंय, केवढं आहे, दोन पायांचं की चार. इथं माझ्याच पावलांचा आवाज मला येईना. माझ्या मागं कुणी आलं असतं तर तेही कळलं नसतं.

तांबड्या मुरुमाची वाट होती आणि ती वळत होती. आमच्याकडंही वाटा वळतात, पण वाट वळते ती दगडाला, ओढ्याला नाहीतर वारुळाला वळसा घालून. इथं मधे काहीच नव्हतं. सपाट हिरवं गवत, आणि वाट त्याला लांबून वळसा घालत होती. म्हणजे तिथं असं काहीतरी होतं जे शहरातल्या लोकांना ठाऊक होतं आणि मला दिसत नव्हतं. मी त्या गवतावर पाय न ठेवता वाटेच्या अगदी कडेकडेनं चाललो. झुडपांना मोरांचे, घंगाळांचे आकार दिलेले. झाडं सारख्या उंचीची, सारख्या अंतरावर, गोल डोक्यांची. सगळी माझ्याकडं बघत उभी आहेत असं वाटलं. आज मला ठाऊक आहे की कुणा हुशार माणसानं कागदावर आखून ही बाग केली होती, आणि वाट वळवली ती नुसती डोळ्यांना बरी वाटावी म्हणून. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

त्या परक्या झाडांत एक ओळखीचं झाड भेटलं. ओवळ. शहरात तिला बकुळ म्हणतात. आमच्या रानातली ओवळ आभाळाला जाते. ही माझ्या डोक्याएवढी, छाटून चेंडूसारखी केलेली, पण पान तेच. जीव जरा थाऱ्यावर आला. आम्ही सकाळी ओवळीच्या काडीनं दात घासतो. हात कमरेमागं कधी गेला, कोयता कधी निघाला, मला कळलंसुद्धा नाही. काडी तोडली, टोक चावलं आणि चघळत पुढं चाललो.

बागेच्या मधोमध ती होती. पांढऱ्या दगडाची बाई. खांद्यावर कलती घागर आणि घागरीतून पाण्याची धार. मी बराच वेळ बघत होतो, पण पाणी संपेना. घागर कुणी भरत नव्हतं. चार-पाच माणसं भोवती फिरत होती, हळू बोलत होती, कुणी कशाला हात लावत नव्हतं. मी मागं सरलो आणि बागेच्या दुसऱ्या, मोठ्या फाटकाशी गेलो. तिथं पाटी होती. चार बुकं शिकल्यामुळं मला ती वाचता आली, हीच तर पंचाईत झाली. फुले-पाने तोडू नयेत. गवतावर चालू नये. मी ते वाचलं तेव्हा ओवळीची काडी माझ्या दातांत होती.

तेवढ्यात आई दवाखान्यातून मला शोधत त्याच फाटकाशी आली. "काय लिवलंय रं?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिनं आत बघितलं. झाडं, शांतता, दगडाची बाई. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले.

"ही हितली राई व्हय," ती हळूच म्हणाली. "बरं झालं, दवाखान्याला लागूनच हाय. लेकरावर नजर ऱ्हाईल तिची." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कोयता कांबळ्यात गुंडाळ. कशाला हात लावला न्हाईस न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो.

काडी मी मुठीत धरली होती. ती तशीच कांबळ्याच्या घडीत सरकवली.

दुपारी मला आत सोडलं तेव्हा शेवंतीनं मला ओळखलं नाही. तिचे डोळे उघडे होते, पण ती छताकडं बघून कुणाला तरी "म्हस आत घाल, म्हस आत घाल" म्हणत होती. त्या दिवशी तिच्या तापाचा दिवसही नव्हता. नर्सबाई तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होत्या. "उद्यापर्यंत बघू या," एवढंच त्या म्हणाल्या. आईनं माझा हात घट्ट धरला. मला वाटत होतं, आईला माझ्या हाताला ओवळीचा वास येत असणार. आयुष्यात इतका मी कधी भ्यालो नाही. बहीण मरेल ही भीती होतीच. पण ती माझ्यामुळं मरेल, आणि हे फक्त मलाच ठाऊक असेल, ही भीती तिच्याहून मोठी होती. त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बागेत गेलो. कातरीचा आवाज ऐकू आला, त्याच्या मागानं गेलो. एक पन्नाशीचा माळी झुडूप छाटत होता. छातीवर पितळी बिल्ला, हातात दोन्ही हातांनी धरायची लांब कातर. त्याच्या बिल्ल्यामुळं मला शंकाच उरली नाही की इथला मानकरी हाच. मी कोयता जमिनीवर ठेवला. काडी त्याच्या पायाशी ठेवली. आणि मोठ्यानं सांगितलं, "माझ्या हातनं मोडली. ओवळीची. काल सकाळी, न इचारता."

त्यानं काडीकडं बघितलं. "बरं, मग?"

"सांगाया आलो. तुमी हितले मिराशी."

"आरं तम्मा, म्या माळी हाय," तो हसला. बोलण्यावरून खानापूरच्या बाजूचा वाटला. "येका काडीचं काय घेऊन बसलाईस? ह्ये बघ." त्यानं बाजूची टोपली पायानं कलती केली. टोपली कोवळ्या फांद्यांनी, पानांनी गच्च भरली होती. "रोज येवडं छाटतो. छाटायचाच पगार हाय मला."

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. रोज एक टोपली. माझी एक काडी आणि तिकडं शेवंती छताशी बोलत होती. मग ह्या माणसाचं काय होत असेल? माझ्या मनात ना कपट होतं ना शहाणपण. शेजारच्या शेतकऱ्याला पिकाबद्दल विचारावं तितक्या सहज मी विचारलं, "मग तुमच्या घरचं कोण आजारी पडतं?"

"म्हंजे?"

मी सांगितलं. राईतलं मोडलं आणि गाऱ्हाणं घातलं नाही तर देव घरातल्या अशक्ताला धरतो, म्हणून माझ्या बहिणीला धरलंय. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्याची कातर थांबली आहे. तो टोपलीकडं बघत होता.

"दोगं गेली," तो म्हणाला. "ल्योक आन ल्येक. गेल्या साली, गाठीच्या तापात. येका आठवड्यात."

मी माझे शब्द परत घ्यायला काय वाटेल ते दिलं असतं. त्या प्लेगच्या साथीत बेळगावात कितीतरी घरं ओस पडली होती. माळ्यांचीही पडली, आणि ज्यांनी जन्मात झाडाला हात लावला नाही त्यांचीही. हे मला आज कळतं. त्या सकाळी कळत नव्हतं, आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं तेव्हा जाणवलं की आता त्यालाही ते कळेनासं झालंय. एका प्रश्नानं मी माझी भीती त्याच्या अंगावर टाकली होती.

"तुझं कोण हाय म्हनलास?" त्यानं विचारलं.

"भन. बारा वर्साची."

तो खाली वाकला. हातातली कातर माझ्या कोयत्याशेजारी ठेवली आणि काडी उचलली. मला वाटलं, ती टोपलीत टाकणार. तो ती घेऊन दगडाच्या बाईकडं चालू लागला. मी मागोमाग गेलो. कारंज्याच्या काठावर त्यानं काडी ठेवली, हात जोडावेत की नाही अशा विचारात जरा घुटमळला, आणि मग बोलला. "ही बाग माजी. ही काडी म्याच मोडली. ह्या पोराचा काय संबंद न्हाई." मी त्याचा हात धरायला गेलो, तर त्यानं मला मागं सारलं. "गप. माज्या घरात धराया आता कोन न्हाई."

पाणी पडतच होतं. मी कोयता उचलून जवळजवळ पळतच बाहेर आलो.

शेवंतीचा ताप त्याच दिवशी दुपारनंतर उतरू लागला. तिसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली, पाचव्या दिवशी कोयनेलच्या कडूपणावरून नर्सबाईंशी भांडली. आठव्या दिवशी आम्ही निघालो. निघताना आई म्हणाली, "त्या राईत जाऊन पाया पडून येऊ." मी म्हणालो, गाडी चुकेल. गाडीला पुष्कळ वेळ होता. माळ्याला सांगायला हवं होतं की पोरगी वाचली. पण सांगायला गेलो आणि तो कातर खाली टाकून नुसता उभा दिसला तर? पुन्हा त्याच्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली नाही. आईला मी लांबच्या रस्त्यानं स्टेशनावर नेलं.

पुढं आई गेली, बाबा गेले. मी शिकलो, मास्तर झालो, बेळगावला कामानिमित्त पाच-सहा वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी तो रस्ता टाळला. शेवंतीला खानापूरच्या अलीकडं दिली. तिला तीन मुलं झाली, ती अंगानं भरली, आवाज चढला. दरवर्षी कापणीला ती माहेरी येते आणि मी दरवर्षी काही ना काही निमित्तानं तिच्या कपाळाला हात लावून बघतो. ती हात झटकते. तिला वाटतं, भावाची माया आहे.

ह्या वर्षी खळ्यावर मळणी चालली होती. ती भात पाखडत होती आणि मी उगाच सुपाकडं बघत बसलो होतो. हिवाचे दिवस होतेच. तेव्हा, इतक्या वर्षांनी, मी तिला सगळं सांगितलं. काडी, पाटी, माझं खोटं, माळी. ती पाखडायची थांबली नाही. शेवटी सूप खाली ठेवून म्हणाली, "अन्ना, परत जाऊन सांगितलंस का त्येला, मी जगले म्हणून?"

"न्हाई."

"का?"

"भ्यालो."

"मग चूक ती. काडी न्हवं." तिनं सूप पुन्हा उचललं. "तुला चष्मा कराया जायाचंच हाय न्हवं बेळगावला? मी येते."

मळणी झाल्यावर आम्ही दोघं बेळगावला गेलो.

बाग होती तशीच होती. तांबडी वाट, कारण नसताना घेतलेला तोच वळसा. फाटकाशी मी वहाणा काढून हातात घेतल्या. एक बाबू माझ्याकडं बघून हसला. शेवंतीनंही वहाणा काढल्या, तेव्हा जरा धीर आला. झाडं सारख्या उंचीची, गोल डोक्यांची. आणि त्या रांगेत एकच झाड भलतंच वाढलेलं, फांद्या चहूकडं फेकलेलं, खाली पाचोळ्याचा थर. तीच ओवळ. माझे पाय तिथंच थांबले.

एक तरुण माळी पलीकडं छाटत होता. शेवंतीनं त्याला विचारलं, ह्येच एक असं का ठेवलंय?

"आमच्या आदीचा म्हातारा माळी सांगून गेलाय, अक्का," तो म्हणाला. "समदी छाटा, ह्ये येक ऱ्हाऊ द्या. सायब लई वरडला, म्हाताऱ्यानं न्हाई ऐकलं. दोन वर्सं झाली, म्हातारा गेला. म्या येकदा कातर घेऊन आलो व्हतो. हात उठला न्हाई, भ्या वाटलं." तो ओशाळून हसला. "तसं बरं बी हाय. उन्हाळ्यात फुलांचा सडा पडतो ह्येच्याखाली. बाकीच्यास्नी येक फूल न्हाई."

"पर का? कारण काय सांगितलं त्यानं?"

"कारण असं न्हाई. दुपारची भाकर हितंच बसून खायाचा. कोण तरी रानातली पोर दवाखान्यात व्हती म्हणं. तिच्यापायी कायतरी बोलला व्हता त्या दगडाच्या बाईला. ती पोर जगली का मेली ते शेवटपातूर कळलं न्हाई, असं म्हणायचा. कोन रानातलं आलं की फाटकाशी जाऊन बगायचा."

पाच-सहा वेळा मी त्या रस्त्याला वळसा घालून गेलो होतो, आणि तो फाटकाशी उभा राहून बघत होता.

शेवंती पाचोळ्यात शिरली. तिच्या पावलांचा आवाज आला. ती बुंध्याशी गेली, सालीवर हात ठेवला, आणि राईत चूक सांगतात तशी मोठ्यानं म्हणाली, "मामा, मी जगले. मीच ती. मला तीन लेकरं हायती."

तरुण माळी कातर तशीच धरून उभा होता. शेवंतीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. आता माझी वेळ होती, हे मला कळत होतं. मी वहाणा खाली ठेवल्या, पाचोळ्यात पाय घातला, आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलं.

"मी तेव्हा सांगायला आलो नाही," मी म्हणालो. पुढं मला त्याच्या नावानं हाक मारायची होती. त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.